पोकळ भिंतीतली हवा: वायरिंगच्या नियमांची पार्श्वभूमी

आपल्याकडे वायरमन विटेच्या भिंतीत झिरी मारतो, पाइप बसवतो, वर गिलावा होतो आणि वायर विषयासकट गाडली जाते. अमेरिकेत घर घेतलेला मराठी माणूस मात्र भिंतीवर टकटक करतो आणि ती पोकळ वाजते. आत उभे लाकडी स्टड, त्यांवर जिप्सम बोर्ड, मधल्या पोकळीत थंडी अडवायला ठासलेली ग्लासवूल, आणि वायर त्यातूनच गेलेली. या वायरीचे नियम आज जसे आहेत तसे का झाले, हे त्या पोकळीच्या इतिहासात सापडतं.

1880 च्या दशकात तिकडे घरांत वीज येऊ लागली तेव्हा बहुतेक भिंती आतून रिकाम्या होत्या. वायरिंगची पद्धत होती ‘नॉब अँड ट्यूब’. चिनी मातीचं दोन तुकड्यांचं बोंड, मध्ये तार, आरपार खिळा. ठोकताना बोंड तडकू नये म्हणून खिळ्याच्या डोक्याखाली चामड्याची चकती. लाकडातून पलीकडे जायचं असेल तर तिथे चिनी मातीची नळी. फेज आणि न्यूट्रलच्या तारा वेगवेगळ्या, एकमेकींपासून किमान 3 इंच आणि लाकडापासून 1 इंच दूर, दर साडेचार फुटांच्या आत एक बोंड. अर्थिंगचा पत्ता नाही. तारेवर रबर आणि त्यावर सुती कापडाचं वेष्टन. आज ते पाहून धडकी भरते, पण करणारे अडाणी नव्हते. तार तापली तर भोवतालची हवा ती उष्णता घेऊन जाई. हवा हा वायरिंगचाच भाग होता. फक्त तिचे पैसे कोणी लावले नव्हते.

या कामाला वेळ आणि मजुरी फार लागे. 1922 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या रोम गावच्या रोम वायर कंपनीने दोन्ही तारा एकाच वेष्टनात घालून केबल काढली, तीच ‘रोमेक्स’. 1926 च्या अमेरिकी राष्ट्रीय विद्युत संहितेत या प्रकारच्या केबलला जागा मिळाली. नवी घरं हळूहळू केबलवर गेली, जुन्यांत बोंडं तशीच राहिली.

मग 1973 चं तेलसंकट आलं. घर ऊबदार ठेवणं महागलं, आणि लोकांनी जुन्या भिंतींना भोकं पाडून आत सेल्युलोजचा भुगा फुंकून घेतला. तार तीच, पण तिच्याभोवतीची हवा गेली. त्यात फ्यूज वारंवार उडतो म्हणून कुणीतरी 15 अँपिअरच्या जागी 30 चा बसवलेला असे (हा उद्योग आपल्यालाही नवा नाही). तारेतली उष्णता विद्युतप्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते: प्रवाह दुप्पट, तर उष्णता चौपट. रबर वाळून ठिसूळ होतं, गळून पडतं. अखेर 1987 च्या संहितेने इन्सुलेशन भरलेल्या पोकळीत असं वायरिंग ठेवायला मनाई केली. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टनसारख्या राज्यांनी तपासणीच्या अटीवर सूट दिली. नव्या केबललाही झळ लागलीच होती. 1984 पासून तिच्या तारांवरचं आवरण 90 अंश सेल्सिअस सोसणारं हवं असं ठरलं, मात्र लोड 60 अंशांच्या हिशेबानेच धरायचा. मधला फरक गादीत गुंडाळल्या जाणाऱ्या वायरीसाठी राखून ठेवलेला.

हाच हिशेब ब्रिटनच्या बीएस 7671 या मानकात आकड्यांत दिसतो. अडीच एमएमची चपटी केबल भिंतीवर उघडी ठोकली तर 27 अँपिअर झेपवते. इन्सुलेशनच्या भिंतीत एका बाजूने आतल्या बोर्डाला टेकलेली असेल तर 21, आणि बोर्डापासून सुटून चहूबाजूंनी गुरफटली तर साडेतेरा. म्हणजे थेट निम्मं. म्हणून तिकडचे कारागीर केबल ग्लासवूलच्या पोटात न घुसवता बोर्डालगत ठेवायला बघतात.

पण बोर्डाजवळ आणली की स्क्रूची भीती. अमेरिकेत स्टडमधलं भोक कडेपासून सव्वा इंच आत हवं. तेवढी जागा नसेल तर वरून पोलादी पट्टी. ब्रिटनमध्ये 50 मिलिमीटरपेक्षा उथळ केबल बटणाच्या किंवा सॉकेटच्या सरळ रेषेत, उभी नाहीतर आडवी न्यायची, किंवा कोपऱ्यालगतच्या 150 मिलिमीटरच्या पट्ट्यात, म्हणजे फ्रेम टांगणाऱ्याला अंदाज तरी येतो. थर्माकोलच्या पत्र्यांनी वेगळीच खोडी काढली. पीव्हीसी केबल त्यांना टेकली की तिला लवचिक ठेवणारं द्रव्य थर्माकोल शोषून घेतो. केबल कडक होते आणि थर्माकोल तिच्या आकारात विरघळत जातो. त्यामुळे तिथे दोघांच्या मध्ये कंड्यूट, म्हणजे वायरचा पाइप, घालतात.

पुण्या-मुंबईच्या ऑफिसांत जिप्समची पार्टिशनं आली आणि आवाज अडवायला त्यांत रॉकवूल भरू लागले. एसीच्या पॉइंटची वायर त्यातून जात असेल तर तिथेही वरचाच हिशेब लागतो.