डेव्हऑप्सच्या मुळाशी असलेलं भांडण

‘डेव्हऑप्स इंजिनिअर हवा’ अशी जाहिरात असते आणि खाली जेन्किन्स, डॉकर, कुबरनेटीज, टेराफॉर्म अशी लांबलचक यादी. ती वाचून कुणालाही वाटेल की हा सगळा अवजारांचा मामला आहे. पण डेव्हऑप्स म्हणजे कोड लिहिणारे (डेव्हलपमेंट) आणि तो सर्व्हरवर चालवणारे (ऑपरेशन्स) यांनी मिळून काम करणं, आणि सुरुवात झाली ती याच दोन टीमच्या भांडणातून, आणि त्या भांडणात दोघांचंही बरोबर होतं.

डेव्हलपरचं अप्रेझल नवी फीचर्स किती दिली यावर. सर्व्हर सांभाळणाऱ्यांचं, सिस्टिम किती कमी वेळा बंद पडली यावर. काहीतरी बदललं की काहीतरी मोडतं, हे ऑपरेशन्सवाल्यांना अनुभवाने पाठ. त्यामुळे पहिल्याने जोरात काम केलं की दुसऱ्याची झोप उडालीच म्हणून समजा. सॉफ्टवेअर सीडीवर भरून वर्षा-दोन वर्षांनी विकलं जायचं, तोवर ही तेढ झाकून राहिली. वेबसाइटच्या जमान्यात माल आपल्याच सर्व्हरवर आला, रोज बदलता येऊ लागला आणि भांडणही रोजचं झालं.

2001 साली युटातल्या स्नोबर्डला 17 जणांनी अजाईलचा, म्हणजे सॉफ्टवेअर छोट्या टप्प्यांत बनवत जाण्याच्या पद्धतीचा, जाहीरनामा लिहिला. डेव्हलपर आणि ग्राहक जवळ आले, दोन-दोन आठवड्यांचे कामाचे टप्पे, म्हणजे स्प्रिंट, सुरू झाले. तयार कोड सर्व्हरवर चढवणारी माणसं मात्र या हिशेबात फारशी नव्हतीच. कोड पंधरवड्यात तयार व्हायचा आणि पुढच्या रिलीजची वाट बघत पडून राहायचा.

पॅट्रिक डेबुआ या बेल्जियन सल्लागाराला हे फार जवळून दिसलं. 2007 मध्ये तो बेल्जियम सरकारच्या एका खात्याच्या डेटा सेंटर स्थलांतरावर काम करत होता. त्याच्याकडे टेस्टिंगची बाजू होती, म्हणजे दोन्ही गोटांत ये-जा करावी लागे, आणि दोन्हीकडची कामाची रीत वेगळी. पुढच्या वर्षी टोरांटोच्या अजाईल परिषदेत अँड्र्यू शेफर याने ‘अजाईल इन्फ्रास्ट्रक्चर’वर गप्पांचं एक सत्र जाहीर केलं. आला एकटा डेबुआ. कुणाला रस नाही असं समजून खुद्द शेफरही फिरकला नव्हता. डेबुआने त्याला शोधून व्हरांड्यात गाठलं आणि त्या बोलण्यातून एक ऑनलाइन गट तयार झाला.

खरी ठिणगी पडली जून 2009 मध्ये, सॅन होजेच्या व्हेलॉसिटी परिषदेत. फ्लिकर या फोटो-साइटचे जॉन ऑलस्पॉ (ऑपरेशन्स) आणि पॉल हॅमंड (इंजिनिअरिंग) एकत्र मंचावर आले आणि आम्ही दिवसाला दहापेक्षा जास्त वेळा डिप्लॉय करतो, म्हणजे नवा कोड सर्व्हरवर चढवतो, असं त्यांनी सांगितलं. रिलीजसाठी शनिवारची रात्र राखून ठेवणाऱ्या टीमना हे वेडेपणाचं वाटणं साहजिक होतं. ऑलस्पॉ आणि हॅमंड यांचं म्हणणं असं की बदल छोटा असेल तर मोडलं काय ते लगेच सापडतं. महिन्याभराचे बदल एकदम चढवले की शोधत बसावं लागतं. नवं फीचर कोडमध्ये जायचं, पण एका स्विचमागे बंद अवस्थेत. हळूहळू चालू करायचं, बिघडलं तर स्विच बंद. सिस्टिम कशी चालली आहे याचे ग्राफ दोन्ही टीमना सारखेच दिसायचे. भाषणाचा बराच भाग मात्र एकमेकांवरचा विश्वास आणि बिघाडाचं खापर कुणावर न फोडणं यावर होता. ऑलस्पॉ पुढे एट्सी या ऑनलाइन बाजारपेठेच्या कंपनीत गेला आणि दोषारोपाशिवाय बिघाडाची चिकित्सा करण्याची पद्धत त्याने तिथे रुजवली. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सगळ्यात अवघड आणि सगळ्यात कमी उचलली गेलेली गोष्ट तीच.

डेबुआ या व्हेलॉसिटी परिषदेला जाऊ शकला नव्हता. ती हळहळ त्याने ट्विटरवर व्यक्त केली, तेव्हा तुझ्याकडेच एक परिषद भरव की, असा सल्ला त्याला मिळाला. 30 आणि 31 ऑक्टोबर 2009 रोजी बेल्जियमच्या गेंट शहरात पहिले ‘डेव्हऑप्सडेज’ भरले. पुढची चर्चा ट्विटरवर चालली, आणि तिथल्या हॅशटॅगसाठी नाव आखूड होऊन ‘डेव्हऑप्स’ एवढंच उरलं.

अवजारांपैकी काही या नावाच्या आधीचीच. सर्व्हरची मांडणी आपोआप करणारी दोन: मार्क बर्जेसचं सीएफइंजिन 1993 चं, पपेट 2005 चं. कोड आपोआप जुळवून तपासणारं कोहसुके कावागुची याचं हडसन 2011 मध्ये जेन्किन्स झालं. सॉफ्टवेअर डब्यात (कंटेनरमध्ये) बंद करणारं डॉकर 2013 चं, असे अनेक डबे सांभाळणारं कुबरनेटीज 2014 चं.

अवजारं नसली तर काय होतं याचा दाखला म्हणून 1 ऑगस्ट 2012 चा दिवस सांगतात. नाइट कॅपिटल या अमेरिकी शेअर दलाल कंपनीने नवा कोड आठ सर्व्हरवर हाताने चढवला. एक राहून गेला, आणि दुसऱ्या कुणी तपासावं असा नियमच नव्हता. त्या एका सर्व्हरवर 2003 पासून न वापरलेला जुना कोड पडून होता आणि नव्या कोडसाठी त्याचाच जुना फ्लॅग (कोड चालू-बंद करणारी खूण) वापरला होता. बाजार उघडण्याआधी 97 अंतर्गत ई-मेल गेले, त्यांत त्या जुन्या कोडचं नावही होतं, पण ते मेल इशारा म्हणून बघायची पद्धत नव्हती. बाजार उघडला आणि जुना कोड जागा होऊन ऑर्डरी सोडत सुटला. घाईत कंपनीने उरलेल्या सात सर्व्हरवरून नवा, बरोबर कोड काढला, तेव्हा तिथेही जुनाच कोड उरला आणि तेही त्याच वाटेने गेले. 45 मिनिटांत 46 कोटी डॉलरहून जास्त तोटा.

वेग वाढवला की स्थैर्य जातं, ही मूळ भांडणाची समजूतही नंतर मोजून पाहिली गेली. निकोल फॉर्सग्रेन आणि सहकाऱ्यांनी अनेक वर्षं सर्वेक्षणं केली. किती वेळा डिप्लॉय, कोड पोचायला किती वेळ, किती बदल फसतात, बिघाडातून सावरायला किती वेळ, ही चार मापं त्यांतून रुळली. चांगल्या टीम दोन्ही बाबतींत पुढे निघाल्या. त्यांची डोरा ही कंपनी 2018 मध्ये गूगलने घेतली.

आपल्याकडे पुणे-बंगळुरूच्या सेवा कंपन्यांत ही भिंत अनेकदा करारातच असते: डेव्हलपमेंट एका कंपनीकडे, सर्व्हरचा सपोर्ट दुसरीकडे, दोघांचे एसएलए (सेवेच्या दर्जाचे लेखी करार) वेगळे. नाइट शिफ्टच्या पोराला तिकीट (तक्रारीची नोंद) पुढे ढकलण्यापलीकडे अधिकार नसतो. तिथे डेव्हऑप्स आलं की बऱ्याचदा तिसरीच टीम उभी राहते. कोड तपासून सर्व्हरपर्यंत नेणारी स्वयंचलित साखळी, म्हणजे पाइपलाइन, तुटली की डेव्हलपर तिच्याकडे तिकीट टाकतो आणि वाट बघतो.