अठरा संघांत सतरावे

२०२४ च्या उन्हाळ्यात अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधल्या बिग टेन या कॉन्फरन्सचं, म्हणजे आपसांत खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटाचं, वार्तांकन करणाऱ्या पत्रकारांनी रिवाजाप्रमाणे मोसमाआधीचा कौल दिला. ओरेगन, वॉशिंग्टन, यूएससी आणि यूसीएलए हे पश्चिम किनाऱ्यावरचे चार संघ नुकतेच दाखल झाल्यामुळे कॉन्फरन्समध्ये आता अठरा विद्यापीठं होती. त्यात इंडियाना विद्यापीठाला जागा मिळाली सतरावी. नवे मुख्य प्रशिक्षक कर्ट सिग्नेटी यांना त्याबद्दल विचारलं तेव्हा ते चिडले नाहीत. आपल्या संघांना याआधीही दोनदा शेवटून दुसरं धरलं होतं आणि दोन्ही वेळा ते अंदाज फसले, एवढंच त्यांनी सांगितलं.

कौल देणाऱ्यांना दोष द्यावा असं मला वाटत नाही. त्यांनी वही उघडली आणि आकडे जे सांगत होते ते लिहिलं. अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या सर्वोच्च श्रेणीत तेव्हा सर्वाधिक पराभव इंडियानाच्या नावावर होते, सातशेहून अधिक. चूक एवढीच झाली की वही विद्यापीठाची पाहिली, माणसाची पाहिली नाही. त्या वर्षाचा अर्थ लावायचा तर दोन्ही वह्या शेजारी ठेवून वाचाव्या लागतात.

आधी विद्यापीठाची. हा खेळ म्हणजे आपलं पायानं खेळायचं फुटबॉल नव्हे. लंबगोल चेंडू घेऊन पळत किंवा तो फेकून चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं सरकायचं. सरकलं की पुन्हा चार प्रयत्न. समोरच्याच्या हद्दीतली शेवटची रेषा ओलांडली की सहा गुण. विद्यापीठांच्या या सामन्यांना लोटणारी गर्दी आपल्याला खरी वाटणार नाही. मिशिगन आणि ओहायो स्टेट या दोन्ही विद्यापीठांच्या मैदानांत एक लाखाहून अधिक माणसं बसतात. हे दोघे ज्या बिग टेनमध्ये आहेत तिथं इंडियाना १८९९ पासून आहे, आणि त्यांच्यासारख्यांच्या हातून मार खाण्यातच त्याची बहुतेक वर्षं गेली.

त्याला कारणं होती. इंडियाना हे राज्यच मुळी बास्केटबॉलचं. ब्लूमिंग्टनच्या या विद्यापीठानं बास्केटबॉलची पाच राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. १९७६ चा संघ ३२ पैकी ३२ सामने जिंकला आणि त्यानंतर आजवर पुरुषांचा कोणताही कॉलेज संघ अपराजित राहून विजेता झालेला नाही. गावाचा जीव तिकडे, पैसा तिकडे. राज्यात फुटबॉलची चांगली पोरं निघत, पण त्यांच्यासाठी नोत्र दाम आणि पर्ड्यू हे दोन वाटेकरी राज्यातच बसलेले. शिवाय पूर्वी संघ बांधायचा म्हणजे सतरा-अठरा वर्षांच्या मुलांना शिष्यवृत्ती देऊन आणायचं आणि तीन-चार वर्षं थांबायचं. जिंकणाऱ्यांकडे चांगली मुलं जात, म्हणून तेच जिंकत राहत. या चक्रातून बाहेर पडायला इंडियानाकडे दारच नव्हतं.

तरीही मध्येच कधीतरी वीज चमकून जायची. पहिली १९४५ मध्ये. बो मॅकमिलिन यांचा संघ नऊ सामने जिंकला, एक बरोबरीत सोडवला आणि बिग टेनचा निर्विवाद विजेता ठरला. युरोपातल्या आघाडीवरून परतलेला पीट पिहोस त्या संघात होता. आणि होता जॉर्ज टॅलिफेरो, गॅरी या पोलादाच्या शहरातून आलेला कृष्णवर्णीय पोरगा. मैदानावर लोक त्याच्या नावानं ओरडायचे, पण विद्यापीठाच्या वसतिगृहात त्याला राहता येत नव्हतं, आणि गावातल्या खानावळींत बसून जेवता येत नव्हतं. पुढं १९४९ मध्ये एनएफएल या व्यावसायिक लीगच्या निवडप्रक्रियेत निवडला गेलेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू तोच. इंडियानाच्या फुटबॉलचा सगळ्यात मोठा माणूस कोण, असं कुणी विचारलं तर मी आजही त्याचंच नाव घेईन.

दुसरी वीज १९६७ ची. आदल्या वर्षी एकच सामना जिंकलेला जॉन पाँट यांचा संघ शेवटच्या मिनिटांत सामने फिरवत राहिला, इतका की त्याला ‘कार्डियॅक किड्स’ हे नाव पडलं. पर्ड्यूला १९-१४ असं हरवून त्यांनी रोझ बाउल हा मोसमाअखेरचा मानाचा सामना गाठला. तिथं यूएससीनं १४-३ नं हरवलं. त्यानंतर पुन्हा रोझ बाउल गाठायला या विद्यापीठाला अठ्ठावन्न वर्षं लागली. पाँट यांचा तो काळही टिकला नाही. १९६९ मध्ये कृष्णवर्णीय खेळाडूंनी वागणुकीतल्या भेदभावाविरुद्ध सरावावर बहिष्कार टाकला; त्यांतले दहा जण संघाबाहेर गेले आणि संघ पुन्हा खाली घसरला.

पाँट यांच्यानंतरचे प्रशिक्षक ली कोर्सो यांची गोष्ट इथं थोडी सविस्तर सांगायला हवी. १९७६ मध्ये ओहायो स्टेटविरुद्ध इंडियाना चक्क ७-६ नं पुढं गेलं. कोर्सोंनी टाइम-आउट घेतला. डावपेच सांगायला नाही. त्यांनी अख्ख्या संघाला एकत्र उभं केलं आणि मागं गुणफलक दिसेल असा फोटो काढून घेतला. सामना ४७-७ असा गेला. बाहेरचे लोक हा किस्सा गंमत म्हणून सांगतात. पण ओहायो स्टेटवर आघाडी ही फोटो काढून जपून ठेवण्याची गोष्ट वाटावी, इतक्या खोल गेलेल्या हारीची सवय त्या एका फ्रेममध्ये दिसते. तो फोटो पाहिला की मला पोटात तुटतं.

बिल मॅलरी यांनी ही सवय बऱ्याच अंशी मोडली होती. १९८४ च्या पहिल्या मोसमात अकरापैकी अकरा सामने ते हरले, आणि तरी टिकले. १९८७ मध्ये त्यांनी ओहायो स्टेट आणि मिशिगन या दोघांनाही एकाच मोसमात हरवलं. १९८८ मध्ये ओहायो स्टेटला पुन्हा, ४१-७ असं. १९९१ च्या अखेरीस कॉपर बाउलमध्ये बेलरचा २४-० असा पराभव केला. १९९६ मध्ये त्यांना काढलं तेव्हा सर्वाधिक विजय मिळवणारा प्रशिक्षक अशी विद्यापीठात त्यांची नोंद होती. त्यानंतरचे प्रशिक्षक आले आणि गेले.

अपवाद टेरी हेपनर यांचा. २००५ मध्ये ते आले ते ‘प्ले थर्टीन’ हा एकच ध्यास घेऊन. नियमित सामने बारा; तेरावा खेळायचा म्हणजे मोसमाअखेरच्या एखाद्या बाउल सामन्यापर्यंत पोहोचायचं. ब्लूमिंग्टनचा परिसर चुनखडीच्या खाणींचा. न्यूयॉर्कची एम्पायर स्टेट बिल्डिंग याच दगडानं मढवलेली आहे. तसला एक भलामोठा दगड हेपनरांनी मैदानाच्या उत्तर टोकाला आणून बसवला. मैदानात उतरताना प्रत्येक खेळाडूनं त्याला हात लावायचा. मग मेंदूत गाठ निघाली. जून २००७ मध्ये ते गेले. त्याच मोसमात पर्ड्यूविरुद्धच्या शेवटच्या सामन्यात, जेमतेम अर्धं मिनिट उरलं असताना, ऑस्टिन स्टारनं ४९ यार्डांवरून चेंडू खांबांमधून घातला आणि संघ २७-२४ नं जिंकला. तेरावा सामना मिळाला. तो पाहायला हेपनर नव्हते. दगड अजून तिथंच आहे, आणि खेळाडू अजून त्याला हात लावूनच उतरतात.

टॉम ॲलन यांच्या काळात २०२० मध्ये पुन्हा एकदा आशा पालवली. पेन स्टेटविरुद्ध ज्यादा वेळेत मायकेल पेनिक्सनं स्वतःला झोकून देत चेंडू कोपऱ्यातल्या खुणेला टेकवला आणि ३६-३५ असा विजय मिळाला. पण लगेच पुढच्या वर्षी बिग टेनमधले नऊच्या नऊ सामने हरले. पेनिक्स वॉशिंग्टनला गेला. २०१९ मध्ये इंडियानात आक्रमणाची आखणी करणारे केलन डिबोअर तिथं आता मुख्य प्रशिक्षक होते, आणि या जोडीनं वॉशिंग्टनला राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत नेलं. इंडियानाचा २०२३ चा मोसम संपला तो तीन विजय आणि नऊ पराभवांवर. नोव्हेंबरअखेर ॲलन यांना काढण्यात आलं.

आता दुसरी वही.

कर्ट सिग्नेटी यांचे वडील फ्रँक हेही प्रशिक्षकच. आधी वेस्ट व्हर्जिनिया, आणि मग १९८६ पासून वीस मोसम इंडियाना युनिव्हर्सिटी ऑफ पेनसिल्व्हेनिया. हे दुसरंच इंडियाना, पेनसिल्व्हेनियातल्या त्याच नावाच्या गावातलं. मुलगा २००७ मध्ये अलाबामाला मुख्य प्रशिक्षक निक सेबन यांच्या पहिल्या ताफ्यात रुजू झाला. खेळाडू हेरून आणण्याची जबाबदारी त्याच्याकडे होती. २००९ चं राष्ट्रीय विजेतेपद त्यानं जवळून पाहिलं. आणि मग पन्नाशीच्या उंबरठ्यावर, सगळ्यात चालत्या संघातली नोकरी सोडून तो वडिलांच्या जुन्या कॉलेजात, दोन पायऱ्या खालच्या श्रेणीत, मुख्य प्रशिक्षक म्हणून गेला. पगार कमी, प्रवास बसचा. पण कुणाच्या हाताखाली म्हातारं होण्यापेक्षा आपला संघ आपण चालवावा, हे त्यानं ठरवलेलं होतं. या निर्णयाबद्दल मला मनापासून आदर आहे. तिथून इलॉन, तिथून जेम्स मॅडिसन. जेम्स मॅडिसनला पाच मोसमांत ५२ विजय आणि फक्त ९ पराभव; मधल्या काळात ते कॉलेज खालच्या श्रेणीतून वर चढलं तरी गाडी घसरली नाही. मुख्य प्रशिक्षक झाल्यापासून एकाही मोसमात त्यांचे पराभव विजयांपेक्षा जास्त झाले नव्हते.

ही वही कुणीही वाचू शकत होतं. डिसेंबर २०२३ मध्ये ब्लूमिंग्टनला एका पत्रकारानं विचारलं, नव्या मुलांना तुम्ही काय सांगून आणता? सिग्नेटी म्हणाले, “मी जिंकतो. गूगल करून बघा.” लोकांना तो उद्धटपणा वाटला. मला त्यात बासष्ट वर्षांच्या माणसाची हकीकत दिसते: खाली, आणखी खाली जाऊन सिद्ध केलेलं, आणि तरीही कुणी नीट न पाहिलेलं.

पण माणूस कितीही भला असता तरी दहा वर्षांपूर्वी त्याला इथं हे जमलं नसतं, हेही तितकंच खरं. दरम्यान खेळाचे नियम बदलले होते. २०१८ मध्ये ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची नोंदयादी, सुरू झालं. २०२१ पासून कॉलेज बदललं तरी एक वर्ष बाहेर बसण्याची अट उठली आणि खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमावण्याची मोकळीक मिळाली. इंडियानाला इतकी वर्षं न सापडलेलं दार ते हेच. सिग्नेटींच्या मागोमाग जेम्स मॅडिसनचे तेरा खेळाडू आले. क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाची सूत्रं हलवणारा खेळाडू, कर्टिस रोर्क ओहायो विद्यापीठातून आला. ही कोवळी पोरं नव्हती; बावीस-तेवीस वर्षांची, शेकडो डाव खेळलेली, जिंकायची सवय असलेली माणसं होती. आपल्याकडे विदर्भानं वसीम जाफरसारखा अनुभवी खेळाडू बाहेरून आणला आणि २०१७-१८ मध्ये प्रशिक्षक चंद्रकांत पंडितांच्या पहिल्याच मोसमात रणजी करंडक जिंकला, तो हिशेब आठवला की हे लगेच कळतं. कौल देणाऱ्यांच्या नजरेत ही मुलं लहान कॉलेजांतली होती. जिंकलेल्या सामन्यांचा अनुभव त्यांनी मोजला नाही.

मोसम सुरू झाला आणि इंडियाना सलग दहा सामने जिंकलं. नेब्रास्काला ५६-७. मिशिगनला २०-१५. एका मोसमात दहा विजय, हे १८८७ पासूनच्या इतिहासात पहिल्यांदा घडत होतं. ओहायो स्टेटनं ३८-१५ असं जमिनीवर आणलं, पण पुढच्याच आठवड्यात पर्ड्यूवर ६६-० असा विजय मिळाला. ओकच्या लाकडाची ती जुनी बादली, जिच्यासाठी ही दोन विद्यापीठं १९२५ पासून भांडतात, घरी आली. राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या नव्या बारा संघांच्या प्लेऑफमध्ये नोत्र दामकडून २७-१७ अशी हार झाली. रोर्क तो मोसम गुडघ्यातला अस्थिबंध फाटलेल्या अवस्थेत खेळला, हे मागाहून कळलं.

तरीही पुष्कळांनी म्हटलं, वेळापत्रक सोपं होतं म्हणून. त्याचं उत्तर २०२५ च्या मोसमात मिळालं. कॅलिफोर्निया विद्यापीठातून आलेला क्वार्टरबॅक फर्नांडो मेंडोझा हाइझमन, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा करंडक, जिंकणारा इंडियानाचा पहिला खेळाडू ठरला. डिसेंबरमध्ये बिग टेनच्या अंतिम सामन्यात ओहायो स्टेटला १३-१० असं हरवलं. १९८८ नंतर पहिल्यांदा. रोझ बाउलमध्ये अलाबामाला ३८-३. हे सिग्नेटींचं जुनं अलाबामा, आणि समोर त्यांचे प्रशिक्षक म्हणून उभे होते तेच केलन डिबोअर. १९९१ नंतरचा इंडियानाचा हा पहिला बाउल विजय. १९ जानेवारी २०२६ रोजी मायामीत, यजमान मायामी विद्यापीठाविरुद्धच्या राष्ट्रीय अंतिम सामन्यात, चौथ्या प्रयत्नावर मेंडोझा स्वतः चेंडू घेऊन बारा यार्ड धावला, अंगावर आलेल्यांना आपटत रेषेपलीकडे कोसळला, आणि इंडियाना २७-२१ नं जिंकलं. सोळापैकी सोळा.

सर्वाधिक पराभवांचा विक्रम त्याच मोसमात नॉर्थवेस्टर्नकडे गेला.