दागिनेकामाची पक्कड

तार, कड्या, मणी आणि मोती यांपासून दागिने करताना धरणे, वळवणे आणि कापणे या कामांसाठी लागणारे लहान हत्यार. स्वयंपाकघरातली सांडशी आणि सुताराचा अंबूर ही याच कुळातली हत्यारे. दोन दांड्यांचा जोर एका खिळीवरून जबड्यात उतरतो, हे तत्त्व सगळीकडे एकच. दागिनेकामाची पक्कड वेगळी ठरते ती जबड्याच्या आतल्या बाजूने. विजेच्या कामाच्या पकडीला आत दाते असतात, कारण तिला नट आवळायचा असतो. दागिन्याच्या पकडीचा जबडा आतून गुळगुळीतच हवा. मऊ तारेवर दाते एकदा उमटले की ते सहसा जात नाहीत, आणि मुलामा दिलेल्या तारेवर तर एका दाबातच खालचे पितळ उघडे पडते. म्हणून पक्कड घेताना आधी जबडा पाहावा. मुठीचा रंग आणि संचातल्या नगांची संख्या यांचा विचार नंतर.

पुण्यात हे सामान शोधणाऱ्याची पहिली फेरी रविवार पेठेत होते. बोहरी आळीच्या आसपास मणी, तार, हेड पिना (एका टोकाला चपटे डोके असलेल्या तारेच्या पिना), कड्या आणि पकडी थोड्या पावलांच्या अंतरावर मिळतात. बुधवार पेठेतली तपकीर गल्ली विजेच्या आणि इलेक्ट्रॉनिक सामानाची. पण तिथले सर्किटकामाचे बारीक कटर तांब्या-पितळेच्या तारेलाही छान चालतात.

शिकाऊ माणसाला तीन नग पुरतात. पहिली निमुळत्या तोंडाची, जिला दुकानात चेन नोज म्हणतात. तिचे जबडे आतून सपाट आणि टोकाला बारीक असतात. धरण्याचे बहुतेक काम हीच करते. दुसरी गोल तोंडाची, जिचे दोन्ही जबडे शंकूसारखे असतात. तिसरा कटर. गोल तोंडाच्या पकडीने वस्तू दाबून धरू नये, हे सुरुवातीलाच हाताला शिकवावे. तिचा स्पर्श एका रेषेवर होतो, त्यामुळे सगळा दाब तिथेच पडून तारेला खळगा पडतो. ती फक्त वळवण्यासाठी.

लोंबत्या मोत्याची कडी करून पाहिली की ही वाटणी नीट कळते. हेड पिनेत मोती ओवायचा, मोत्याच्या डोक्यावर सुमारे १ सेंमी तार ठेवून बाकीची कापायची. निमुळत्या पकडीने मोत्याच्या अगदी वर तार धरून काटकोनात वाकवायची. मग तारेचे टोक गोल जबड्यांत घेऊन मनगट फिरवत उलट्या दिशेला गुंडाळायचे. ही सुमारे ३ मिमी व्यासाची कडी झाली. जबड्याच्या टोकाशी धरले तर कडी बारीक होते, बुडाशी धरले तर मोठी. दोन्ही कानांतल्या कड्या एकसारख्या हव्या असतील तर जबड्यावर मार्करने खूण करावी आणि प्रत्येक वेळी तार त्याच खुणेवर धरावी.

चौथा नग घ्यायचा झाला तर निमुळती किंवा सपाट तोंडाची आणखी एक पक्कड घ्यावी. सुटी कडी उघडायला दोन पकडी लागतात: एक टोक पुढे, दुसरे मागे, अशी कडी बाजूला पिळून उघडायची. टोके एकमेकांपासून लांब ओढली की गोलाई बिघडते आणि मिटवल्यावर फट राहते. त्या फटीतून मोती केव्हा निसटला हे कळतही नाही. गिअर वायरवर (मणी ओवायच्या लवचिक तारेवर) गिअर लॉक, म्हणजे टोक अडकवणारा बारीक धातूचा मणी, दाबायची दोन खाचांची पक्कड, तार सरळ करायची नायलॉन जबड्यांची पक्कड आणि जबडे समांतर मिटणारी पक्कड या त्या-त्या कामाची गरज पडेल तेव्हा घ्याव्यात.

कटरच्या बाबतीत तारेचा गेज, म्हणजे जाडीचे माप, महत्त्वाचा. गेजचा आकडा वाढतो तशी तार बारीक होते: ब्रिटिश मापात २० गेज म्हणजे ०.९१ मिमी, २४ गेज म्हणजे ०.५६ मिमी. बारीक कटरने मऊ तारच कापावी. बांगडीसाठी वापरली जाणारी मेमरी वायर कडक पोलादाची असते. ती एकदा जरी कापली तरी पात्याला खाच पडते आणि पुढच्या प्रत्येक तारेच्या टोकाला ओरखडणारा काटा राहतो. तिच्यासाठी जाड कटर वेगळा ठेवावा. कटरची सपाट बाजू दागिन्याकडे ठेवून कापावे आणि उडणारा तुकडा तळहाताने झाकावा.

दुकानात पारख करायला दोन मिनिटे लागतात. पक्कड मिटून ट्यूबलाइटसमोर धरावी. टोकाशी उजेडाची फट दिसली तर ती बारीक तार धरणार नाही. दांड्या बाजूला हलवून पाहाव्यात. एक पाते दुसऱ्याच्या खोबणीतून गेलेला सांधा नुसत्या एकावर एक ठेवलेल्या पात्यांपेक्षा कमी डगमगतो. लांबी ११ ते १३ सेंमी असावी, स्प्रिंग हलकी असावी. दुकानात दहा वेळा उघडझाप करून पाहावी, कारण तासभर बसल्यावर कडक स्प्रिंगने अंगठ्याचे मूळ भरून येते.

पुण्याच्या पावसाळ्यात साध्या पोलादाची पक्कड लवकर गंजते. सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडून पुसून ठेवावी. खंडेनवमीला हत्यारे पूजेसाठी काढतात, तेव्हा जबड्यांवरून बोट फिरवून पाहावे. कडा बोचत असेल तर बारीक पॉलिश पेपरने ती गोल करता येते; काही वेळा नव्या पकडीलाही याची गरज असते.