देवाची सेवा आणि मंडळीचे काम

मराठी ख्रिस्ती घरांत दिवाणखान्याच्या भिंतीवर जी वचने फ्रेम करून लावलेली असतात, त्यांत यहोशवाच्या पुस्तकातील चोविसाव्या अध्यायाचे पंधरावे वचन हमखास असते. आपण आणि आपले घराणे परमेश्वराचीच सेवा करणार, अशी इस्राएलाचा पुढारी यहोशवा याची ती घोषणा आहे. आणि त्याच घरात शनिवारी संध्याकाळची मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, कमिटीची बैठक व अंथरुणाला खिळलेल्या वडिलांचे जेवणखाण यांची वेळ एकच आली, की घरातल्या कर्त्याला बैठकीकडे पिटाळण्यासाठी हेच वचन ऐकवले जाते. शखेमात जमलेल्या इस्राएलापुढे यहोशवाने ठेवलेला पर्याय मात्र घर की उपासनास्थान असा नव्हता. नदीपलीकडे पूर्वज ज्यांना भजत होते ती दैवते, अमोरी लोकांची दैवते आणि परमेश्वर, यांतून निवड करायची होती. त्या वाक्यात घराणे हे देवाचे प्रतिस्पर्धी नाही; ते यहोशवाच्या बाजूला, सेवा करणाऱ्यांत उभे आहे. वचनातील अर्धे शब्द बाजूला सारून उरलेल्या अर्ध्यांनी माणसाला घराबाहेर काढायचे, हा प्रकार इतक्या वर्षांत इतक्या वेळा पाहण्यात आला आहे की आता त्यावर सविस्तर लिहिणे भाग आहे.

मंडळीचे काम म्हणजे काय, हे वाचकाला सांगण्याची गरज नाही. रविवारच्या शाळेतील वर्ग, गायनवृंदाची तालीम, महिला मंडळ, तरुण संघ, घरोघरच्या प्रार्थनासभा, नाताळाची तयारी, हंगामाच्या सणाचा लिलाव, दानार्पणाचा हिशेब आणि या सर्वांवर देखरेख करणाऱ्या कमिट्या हे सारे आवश्यक आहे, आणि निष्ठेने केले तर त्यातून देवाची सेवाही घडते. प्रश्न ते चांगले की वाईट हा नसून, देवाची सेवा म्हणजे एवढेच, असे समीकरण मांडले जाते हा आहे.

या दोहोंमधले किरकोळ फरक चटकन आटोपता येतील. एक इमारतीच्या आत चालते आणि दुसरे बाहेरही, एकाची नोंद अहवालात होते आणि दुसऱ्याची होत नाही, एकाबद्दल कधी मानधन मिळते आणि दुसऱ्याबद्दल नाही. यांपैकी कशानेही फारसे काही ठरत नाही. मानधनाचा मुद्दा तर मुळीच निर्णायक नाही. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी अहमदनगरात अमेरिकन मिशनचे वेतन घेऊनही ख्रिस्ताची सेवाच केली, आणि १९१७ मध्ये ते वेतन सोडून साताऱ्यात 'देवाचा दरबार' उभारला तेव्हाही तीच केली. त्याच कारणाने, पाळकांनाच तेवढे 'पूर्णवेळ सेवेत' म्हणण्याची रीत मला कधीच पटलेली नाही. ख्रिस्ती शिक्षिका, गवंडी किंवा बसवाहक अर्धवेळ कोणाच्या सेवेत असतात, याचे उत्तर ती रीत देत नाही.

खरा घोटाळा पुढे आहे, आणि तो स्पर्धेविषयीचा आहे. देवाच्या सेवेशी स्पर्धा नेमकी कशाची असते?

उपदेशांतून एक उतरंड ऐकू येते: देव पहिला, कुटुंब दुसरे, मंडळी तिसरी, नोकरी चौथी. कधी मंडळी दुसरी आणि कुटुंब तिसरे असते. ही उतरंड पवित्र शास्त्रात कोठेही नाही, आणि तिच्यात देवाला इतर मागणीदारांबरोबर रांगेत उभे केले जाते, फक्त रांगेत सर्वांत पुढे. मग पहिला क्रमांक मोजायचा कसा, तर तासांनी. आणि देवाला दिलेले तास म्हणजे मंडळीत घालवलेले तास. या हिशेबाने रोज आठ तास झोपणारा पाळकही निद्रेचाच दास ठरेल. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात येशू दोन धन्यांची चाकरी अशक्य आहे असे म्हणतो, तेव्हा त्या दुसऱ्या धन्याचे नावही सांगतो, आणि ते नाव धन हे आहे. बायको, म्हातारे आईबाप, कारखान्यातली पाळी यांपैकी काहीही तेथे दुसरा धनी म्हणून उभे केलेले नाही. धनी तो, ज्याचा शब्द अखेरचा असतो. घर किंवा नोकरी तसा अखेरचा शब्द मागू लागली तर तीही धनी होऊ शकते, हे खरे. पण ती आपला वेळ घेते एवढ्याने होत नाही.

येथे एक आक्षेप हमखास घेतला जातो, आणि तो रास्त आहे. लूकच्या चौदाव्या अध्यायात येशू आईबाप, बायको, मुले, भाऊ, बहिणी यांचा द्वेष केल्याशिवाय कोणी शिष्य होऊ शकत नाही असे म्हणतो, आणि नवव्या अध्यायात आधी बापाला पुरून येऊ द्या म्हणणाऱ्यालाही थांबू देत नाही. ही वचने बोथट करू नयेत. बाप तेव्हा अजून मेलेला नसेल, मुलगा केवळ काही वर्षांची सवलत मागत असेल, अशी सारवासारव काही भाष्यकार करतात. ती मला आवडत नाही, कारण तिने प्रसंगाचा काटाच काढून टाकला जातो. मागणी कठोर आहे, आणि ती कठोर म्हणूनच वाचली पाहिजे.

परंतु तोच येशू मार्कच्या सातव्या अध्यायात नेमके उलटे वाटावे असे बोलतो. आईबापांना ज्याचा आधार झाला असता ती मालमत्ता 'कुर्बान', म्हणजे देवाला अर्पण, असे जाहीर करण्याची तेव्हा सोय होती. एकदा हा शब्द उच्चारला की आईबापांना त्या मालमत्तेचा उपयोग वर्ज्य होई. मात्र ती लगेच मंदिराच्या भांडारात जमा व्हायची असे नव्हे, आणि नवस करणाऱ्याच्या ताब्यात ती राहू शके. थोडक्यात, देवाचे नाव लागले, आईबापांचे हात रिकामे राहिले आणि मुलाचे फारसे काही गेले नाही. येशूचा राग एकट्या मुलावर नाही. त्याला पुढे आईबापांसाठी काहीही करू न देणाऱ्या शास्त्र्यांवर तो अधिक आहे, हे बाराव्या वचनात स्पष्ट दिसते. आपल्या कमिट्यांनी ते वचन सावकाश वाचावे.

आता ही दोन्ही स्थळे शेजारी ठेवली म्हणजे खरा फरक दिसतो. लूकमधील यादी आईबापांवर थांबत नाही. तिचा शेवट शिष्याच्या स्वतःच्या जिवावर होतो, आणि लगेच पुढच्या वचनात वधस्तंभ येतो. तेथे सोडणारा आधी स्वतःला सोडतो. कुर्बान म्हणणारा स्वतःला जपतो आणि मोल दुसऱ्याकडून वसूल करतो. तेव्हा देवासाठी काहीतरी बाजूला सारण्याची वेळ येते, त्या वेळी विचारायचा प्रश्न 'देव मोठा की घर' हा नाही. किंमत कोण मोजतो आणि मान कोणाच्या पदरी पडतो, हा आहे. वडिलांना शेजाऱ्यांच्या भरवशावर ठेवून कमिटीत जाणाऱ्याला तेथे खुर्ची असते, आभार असतात, वार्षिक अहवालात नाव असते. किंमत वडील मोजतात.

ही कसोटी प्रत्येक वेळी इतकी सरळ लागू होत नाही, हेही नोंदवले पाहिजे. टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्याची किंमत त्यांच्याइतकीच लक्ष्मीबाईंनीही मोजली. नवरा जिवंत असून संसार मोडला, आणि नातेवाइकांच्या आश्रयाने काही वर्षे काढावी लागली. हे दुःख गौण मानून टिळकांच्या धैर्याचेच गोडवे गाणारे उपदेश मी ऐकले आहेत, आणि त्यांनी मला दर वेळी अस्वस्थ केले आहे. तरीही हे कुर्बान नव्हे. बाप्तिस्मा दुसऱ्या कोणाला आपल्याऐवजी घेता येत नाही, तो पुढच्या महिन्याच्या सोयीच्या तारखेवर ढकलल्याने त्या काळच्या ब्राह्मण समाजातली त्याची किंमत कमी होणार नव्हती, आणि त्या घराची वाताहत हा टिळकांचा हेतू नव्हता. पुढे दोघांचा संसार पुन्हा उभा राहिला आणि १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला. गायनवृंदाच्या तालमीला यांपैकी एकही गोष्ट लागू नाही. तालीम बुधवारी घेता येते, आणि आपल्या जागी दुसरा गाणारा उभा राहू शकतो. वडिलांपाशी मात्र आपल्या जागी दुसरा मुलगा उभा करता येत नाही.

शिष्य पेत्राने आपण सर्व सोडून येशूच्या मागे आलो असे म्हटले, हे सर्वांना पाठ असते. त्याच पेत्राच्या घरी येशूने त्याच्या सासूचा ताप उतरवला, आणि करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायावरून तो पत्नीला बरोबर घेऊन फिरत असे हेही दिसते. याचा उल्लेख उपदेशांत क्वचितच होतो. वधस्तंभावरून येशूने आपल्या आईची व्यवस्था एका शिष्याकडे लावून दिली, ते तर शुभ शुक्रवारी दरवर्षी वाचले जाते आणि सोमवारपर्यंत विसरले जाते.

रविवारी काम करावे की नाही, या प्रश्नावरही हीच कसोटी वापरून पाहावी. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरची प्राथमिक फेरी रविवारी होती म्हणून स्कॉटिश धावपटू एरिक लिडेल तीत उतरला नाही, आणि पुढे चारशे मीटरचे सुवर्णपदक त्याने ४७.६ सेकंदांत जिंकले. रविवारी कामावर जाणाऱ्या परिचारिकेला लाजवण्यासाठी हे उदाहरण वापरले जाते, तेव्हा मात्र माझा संयम सुटतो. मराठी ख्रिस्ती स्त्रियांच्या कित्येक पिढ्या परिचारिका म्हणून झिजल्या आहेत. लिडेलने मुख्यतः स्वतःच्या पदकाची आशा सोडली. परिचारिका रविवारची पाळी सोडील तेव्हा काय सुटेल, तर खाट क्रमांक अमुकवरच्या रुग्णाचे सलाइन. शब्बाथाच्या, म्हणजे यहुद्यांच्या विश्रांतीच्या, दिवशी अठरा वर्षे वाकलेल्या स्त्रीला बरे केल्यावर सभास्थानाचा अधिकारी रागावला, तेव्हा बैलाला पाण्यावर नेण्यासाठी तुम्ही आजही सोडताच ना, असे येशूने त्याला विचारले होते. पाळी संपवून घरी जाताना त्या बाईने कपडेही न बदलता पाच मिनिटे उपासनामंदिरात टेकावे आणि तिला कोणी 'आज उपासनेला दिसला नाहीत' असे म्हणू नये, एवढी अपेक्षा फार मोठी नाही.

याउलट जेथे देव आणि धन यांची गाठ खरोखर पडते, त्या जागी मंडळी बहुधा गप्प असते. हंगामाच्या सणाला कोणी आपल्या परसातला भोपळा आणून वेदीपाशी ठेवतो, उपासनेनंतर अंगणात त्याचा लिलाव होतो, आणि शंभर रुपयांचा तो भोपळा एखादा बांधकाम ठेकेदार दोन हजारांना घेतो. टाळ्या पडतात, आणि पडाव्यातही. पण त्याच ठेकेदाराने मजुरांचे तीन आठवड्यांचे पैसे थकवले असतील, तर याकोबाच्या पाचव्या अध्यायानुसार ती अडवलेली मजुरी ओरडत असते आणि तो आक्रोश सेनाधीश परमेश्वराच्या कानी गेलेला असतो. त्या माणसाची देवाच्या सेवेची निवड भोपळ्यापाशी होत नाही. शनिवारी मजुरी वाटताना होते. खोट्या बिलावर सही नाकारणारा कारकून, आणि त्यामुळे बढती गमावणारा, हा कोणत्याही कमिटीवर नसला तरी त्याने दोन धन्यांतून एक निवडलेला आहे.

आणखी एक गोष्ट आपल्याला उच्चारायलाही जड जाते: मंडळी स्वतःच देवाशी स्पर्धा करणारी होऊ शकते. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडातील वाँटेज येथे झाला, आणि ज्या भगिनीसंघाने त्यांना आश्रय दिला त्याच संघाच्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा पत्रांतून दीर्घ वाद झाला. आपण ख्रिस्ताच्या मंडळीच्या सभासद आहोत, पण पुरोहित किंवा बिशप यांच्या तोंडून निघणारा प्रत्येक शब्द स्वीकारण्यास बांधील नाही, असे त्यांनी १८८५ मध्ये कळवले. ज्यांनी आश्रय दिला, त्यांना असे लिहिणे सोपे नव्हते. पुढे दुष्काळातून मुली आणून केडगावला मुक्ती मिशन वाढवणाऱ्या आणि मूळ हिब्रू व ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर करणाऱ्या याच बाई आहेत, आणि त्यांच्या आयुष्यातील ते काम त्या पत्रापासून वेगळे काढता येत नाही.

मग मंडळीची कामे करणार कोण, असे विचारले जाईल. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात विधवांच्या रोजच्या वाटपावरून कुरकुर झाली, तेव्हा बारा प्रेषितांनी ते काम आपल्याने होणार नाही असे सरळ सांगितले, आणि त्यासाठी सात माणसे निवडली गेली. त्या बाराजणांच्या निष्ठेवर कोणी शंका घेतल्याचे तेथे लिहिलेले नाही. आपल्याकडेही वर्षाच्या सुरुवातीला कामांची यादी करताना, ज्यांच्या घरी तान्हे मूल, आजारी माणूस किंवा रात्रपाळी आहे त्यांची नावे आधी वगळावीत, उरलेल्या माणसांत जेवढे झेपेल तेवढेच उपक्रम ठेवावेत, आणि ते कमी पडत असतील तर माझे मत विचाराल तर पहिल्यांदा कमिट्यांची संख्या घटवावी.