तुकडा न काढता ओळखायची गाठ

धार, झाबुआ, खरगोनकडची म्हातारी माणसं डोळे दाखवायला इंदूरला येतात तेव्हा मोतीबिंदू बरेचदा पार पिकलेला असतो. डॉक्टरांना आतला पडदा दिसतच नाही. म्हणून ऑपरेशनच्या आधी डोळ्याची सोनोग्राफी करतात, तिला बी-स्कॅन म्हणतात. बहुतेकदा ‘पडदा जागेवर आहे’ एवढंच निघतं आणि सगळे मोकळे होतात. क्वचित मात्र मोतीबिंदूच्या मागे एक उंचवटा सापडतो. मग झाबुआचे काका असोत की आपल्या रामबागेतल्या काकू, घरच्यांचा प्रश्न एकच असतो : डॉक्टरसाहेब, गाठ साधी आहे की कॅन्सरची?

शरीरात दुसरीकडे कुठे गाठ असली तर तुकडा काढून तपासायला पाठवतात. डोळ्यात ती सोय नाही. मोठ्यांमध्ये बारीक सुईने नमुना घेतात, पण अगदी निवडक पेशंटांत. लहान मुलांच्या रेटिनोब्लास्टोमात, म्हणजे डोळ्याच्या पडद्याच्या कॅन्सरमध्ये, तर सुई घालायचीच नाही असा दंडक आहे, कारण सुईच्या वाटेने पेशी डोळ्याबाहेर पसरू शकतात. म्हणजे डोळा काढायचा की वाचवायचा, हा निर्णय बराचसा चित्रावर घ्यावा लागतो.

तपासणी दिसायला अगदीच साधी. पेशंटने डोळा मिटायचा, पापणीवर थंडगार जेली लावायची आणि पेनाएवढा प्रोब टेकवायचा. ‘वर बघा, खाली बघा, कानाकडे बघा’ असं चालू राहतं आणि मिटल्या पापणीआड डोळा फिरताना स्क्रीनवर दिसतो. आपल्या कानाला सेकंदाला 20 हजार कंपनांपर्यंतचाच आवाज ऐकू येतो; हा प्रोब साधारण एक कोटी कंपनांचा आवाज सोडतो. डोळा पुढून मागे जेमतेम 24 मिलिमीटर, त्यामुळे आवाज मागच्या भिंतीला लागून परत यायला सेकंदाचा तीस हजारावा भाग पुरतो.

आवाज परततो तो दोन वेगळ्या पदार्थांच्या सीमेवरून. सगळी मेख इथेच आहे. मोकळ्या मैदानात मारलेली हाक विरून जाते, बोळात मात्र ती प्रत्येक भिंतीवर आपटून परत येते. कोरॉइड म्हणजे पडद्यामागचा रक्तवाहिन्यांचा थर. तिथे होणारा मेलॅनोमा हा कर्करोग एकसारख्या पेशींनी गच्च भरलेला असतो. आत सीमाच कमी, म्हणून प्रतिध्वनी कमी, म्हणून स्क्रीनवर तो काळा, पोकळ वाटतो. त्याच थरातला हिमॅन्जिओमा ही साधी गाठ, कॅन्सर नव्हे. तो रक्ताच्या लहान लहान कप्प्यांचा बनलेला, प्रत्येक कप्प्याची भिंत आवाज परत पाठवते, म्हणून तो भरीव आणि उजळ दिसतो. भरीव दिसणारी साधी आणि पोकळ दिसणारी घातक, हे नातेवाइकांच्या गळी उतरवणं सोपं नसतं.

मेलॅनोमाच्या आणखी खुणा आहेत. गाठीने कोरॉइडवरचं पातळ आवरण फोडलं की तिचा आकार आळंबीसारखा होतो. आलेखाच्या रूपातल्या ए-स्कॅनवर तिच्या आतल्या रेषा रक्तप्रवाहामुळे सतत थरथरतात.

मुलांमध्ये मात्र हिशेब उलटतो. फोटोत बाळाच्या बुबुळात पांढरी चमक दिसली म्हणून तपासणीला आणतात, तिथे उजळपणाच धोक्याचा. बहुतेक रेटिनोब्लास्टोमात कॅल्शियमचे कण असतात. डॉक्टर मशीनचा गेन, म्हणजे संवेदनक्षमता, हळूहळू कमी करत नेतात. बाकीचा डोळा स्क्रीनवरून पुसला जातो, पण ते कण लखलखत राहतात आणि त्यांच्या मागे काळी सावली पडते. गंमत अशी की मोठ्यांमधल्या ऑस्टिओमा या साध्या, हाडासारख्या गाठीतही हेच दृश्य दिसतं. म्हणून वय माहीत नसताना नुसत्या चित्रावर मत देणाऱ्यावर माझा तरी विश्वास बसणार नाही.

1956 मध्ये मुंट आणि ह्यूजेस या अमेरिकी डॉक्टरांनी डोळ्यातल्या गाठीवर हा आवाज पहिल्यांदा वापरला. 1964 मधल्या एका प्रसिद्ध पाहणीत मेलॅनोमा समजून काढलेल्या डोळ्यांपैकी सुमारे 19 टक्क्यांत मेलॅनोमा नव्हताच. पुढे अमेरिकेत मेलॅनोमावर झालेल्या मोठ्या सामूहिक अभ्यासात निदान 99 टक्क्यांहून अधिक अचूक ठरलं. त्याचं श्रेय एकट्या सोनोग्राफीला देता येणार नाही, पण तिचा वाटा मोठा.

चित्राइतकीच उंचीही महत्त्वाची. डोळ्यातला साधा तीळ बहुधा चपटा असतो. तो 2 मिलिमीटरहून जाड असेल, आतून पोकळ दिसत असेल आणि भोवती पाणी साचलं असेल, तर तो पुढे मेलॅनोमा होण्याची भीती वाढते. प्रोब तिरका धरला तर तीच गाठ उगाच उंच भरते, म्हणून मोजणाऱ्याचा हात सरावलेला हवा.

आपल्याकडे आणखी एक भानगड आहे. कोरॉइडचा मेलॅनोमा गोऱ्या वंशात जास्त, भारतीयांत विरळा. उलट क्षय घरोघरी माहीत असलेला. क्षयाची गाठही कोरॉइडमध्ये होते आणि सोनोग्राफीत ती मेलॅनोमासारखीच मंद, पोकळ दिसू शकते. अशा वेळी छातीचा फोटो, क्षयाच्या तपासण्या, अंगात दुसरीकडे कॅन्सर आहे का याचा शोध, हे सगळं करावं लागतं. संशय क्षयावर पक्का झाला तर त्याची औषधं सुरू करतात आणि काही आठवड्यांनी पुन्हा प्रोब टेकवून उंची मोजतात. ती उतरत गेली तर डोळा काढायचा प्रश्नच राहत नाही.