लिहिलंय काय आणि चालतंय काय: वेब सर्व्हरची तपासणी

इंदूरच्या एखाद्या मराठी मंडळाचं संकेतस्थळ घ्या. गणेशोत्सवातल्या स्पर्धांची नोंदणी, देणगीच्या पावत्या, सभासदांची यादी. दोन कोअर, ४ जीबी रॅम आणि ४० जीबी डिस्कचा भाड्याचा लिनक्स सर्व्हर एवढ्याला पुरतो. त्याची तपासणी बहुतेक वेळा सेटिंगच्या फाइली वाचून उरकली जाते. तिथेच गफलत होते, कारण फाइलीत लिहिलंय तसंच मशीन वागत असेल, याची खात्री नसते.

डिस्कपासून सुरुवात करा. समजा डिस्कची जागा दाखवणारी 'डीएफ -एच' ही आज्ञा म्हणते ३८ जीबी भरली आणि 'डीयू'ने फोल्डरांची बेरीज केली तर ती २२ भरते. मधले १६ जीबी गेले कुठे? कोणीतरी फुगलेला लॉग (नोंदींची फाइल) हाताने पुसलेला असतो, पण एनजिनएक्स या वेब सर्व्हर प्रोग्रामने तो उघडाच धरून ठेवलेला असतो. लिनक्समध्ये फाइल पुसली की फक्त तिचं नाव जातं; ती धरून बसलेली शेवटची प्रोसेस (चालू प्रोग्राम) सोडेपर्यंत जागा मोकळी होत नाही. 'एलएसओएफ +एल१' अशा निनावी फाइली दाखवतं. ती सेवा रीस्टार्ट केली की जागा परत मिळते. उलटंही घडतं: जागा भरपूर दिसते, तरी डिस्क भरल्याची तक्रार येते. तेव्हा 'डीएफ -आय' पाहा. पीएचपीच्या लाखो बारीक सेशन फाइलींनी आयनोड (प्रत्येक फाइलीमागे लागणारी, मर्यादित संख्येची नोंद) संपवलेले असतात.

मेमरी दाखवणाऱ्या 'फ्री' या आज्ञेत 'फ्री'च्याच रकान्यातला आकडा लहान दिसला म्हणून घाबरू नका. रिकामी रॅम लिनक्स फाइलींच्या कॅशसाठी (तात्पुरत्या साठ्यासाठी) वापरतं, म्हणून 'अव्हेलेबल'चा रकाना वाचा. दोन कोअरवर लोड (चालू आणि रांगेतल्या प्रोसेसची सरासरी) ६ आणि प्रोसेसर मात्र निवांत, असं दिसलं तर दोष बहुधा डिस्कचा. डिस्कची वाट पाहत अडकलेल्या प्रोसेसही लिनक्स लोडमध्ये मोजतं.

पुसलेल्या लॉगचाच न्याय सुरक्षेलाही लागू पडतो. अपडेटने ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन लायब्ररीची नवी प्रत डिस्कवर येते, पण आधीपासून चालू असलेल्या प्रोसेस मेमरीतली जुनीच वापरत राहतात. ओपनएसएसएलमधल्या २०१४च्या हार्टब्लीड दोषातही म्हणूनच नुसतं पॅकेज बदलून भागत नव्हतं, सेवा पुन्हा सुरू कराव्या लागत होत्या. 'नीडरीस्टार्ट' हे साधन अशा सेवांची यादी देतं. संकेतस्थळाची ओळख पटवणाऱ्या प्रमाणपत्राचं तेच: लेट्स एन्क्रिप्ट या मोफत प्रमाणपत्रं देणाऱ्या सेवेचं ९० दिवसांचं प्रमाणपत्र वेळेवर बदललं, पण एनजिनएक्सला रीलोड केलं नाही, तर ब्राउझरला जुनंच दिसतं. म्हणून मुदत फाइलीत बघू नका, बाहेरून जोडणी करून बघा.

पोर्ट (जोडणीची क्रमांक दिलेली दारं) 'एसएस -टीयूएलपीएन'ने पाहा. वेबचे ८०, ४४३ आणि दुरून लॉगिन करायच्या एसएसएचचा २२ सोडून ०.०.०.० वर, म्हणजे मशीनच्या सगळ्या पत्त्यांवर, काय ऐकत बसलंय? मायएसक्यूएल डेटाबेसचा ३३०६ किंवा रेडिस या मेमरीतल्या डेटाबेसचा ६३७९ तिथे दिसला तर तो १२७.०.०.१ वर, म्हणजे फक्त त्याच मशीनपुरता, आणा. यूएफडब्ल्यू या फायरवॉलवर विसंबू नका: प्रोग्राम कंटेनरमध्ये चालवणारा डॉकर स्वतःचे नियम थेट आयपीटेबल्समध्ये (लिनक्सच्या पॅकेट-नियमांत) घालतो आणि त्याने उघडलेला पोर्ट यूएफडब्ल्यूला वळसा घालून जगाला दिसतो. दुसऱ्या मशीनवरून, आणि फक्त आपल्याच सर्व्हरवर, उघडे पोर्ट शोधणारं एनमॅप चालवलं की खरं कळतं.

एसएसएचमध्ये पासवर्ड बंद केल्याची ओळ असूनही तो चालू सापडतो. एकच सेटिंग दोनदा आलं तर एसएसएचडी (सर्व्हरवरची एसएसएच सेवा) पहिलं मानतं, आणि उबुंटूत 'एसएसएचडी_कॉन्फिग.डी' फोल्डरमधल्या फाइली आधी वाचल्या जातात. 'एसएसएचडी -टी' (मोठी टी) अंतिम गोळाबेरीज दाखवतं, पण तेही फाइलींवरूनच. शेवटी बाहेरून, एसएसएच की (किल्लीची फाइल) न वापरता लॉगिन करून पाहा. पासवर्ड विचारला तर दार उघडं आहे. बदल करताना एक चालू सेशन उघडं ठेवा, नाहीतर स्वतःच बाहेर अडकाल.

लॉग वाचण्याआधी घड्याळ पाहा. सर्व्हर यूटीसीवर (भारतापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेवर) असेल तर लॉगमधल्या रात्री साडेआठला इंदुरात रात्रीचे दोन वाजलेले असतात, सराफा बाजारातली रात्रीची खाऊची दुकानंही आवरत आलेली. त्या वेळचं ॲडमिन लॉगिन दुर्लक्ष करण्यासारखं नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनी सेवा पुरवठादार, कंपन्या आणि सरकारी संस्थांना १८० दिवसांचे लॉग ठेवायला सांगितलं आहे. उबुंटूत जुने लॉग बाजूला काढणाऱ्या लॉगरोटेटचं मूळ सेटिंग मात्र दर आठवड्याचं, चार प्रतींचं. ते आपणच वाढवायचं.

राहिला बॅकअप. डेटाबेसची प्रत काढणाऱ्या 'मायएसक्यूएलडंप'चं आउटपुट फाइल दाबून लहान करणाऱ्या जीझिपला जोडलेलं असेल तर डंप अर्ध्यात तुटला तरी ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉनला सगळं ठीक वाटतं, कारण शेल शेवटच्या आज्ञेचाच निकाल सांगतं. बॅश स्क्रिप्टमध्ये 'सेट -ओ पाइपफेल' घाला, म्हणजे आधीच्या आज्ञेचं अपयशही कळतं. मग फाइल उलगडून तिची शेवटची ओळ पाहा: तिथे 'डंप कम्प्लीटेड' नसेल, तर सभासदांची यादी कुठे तुटली ते त्याच फाइलीत दिसेल.