पाणी बाटतं कशानं? नारू, बारव आणि हातपंपामागची पार्श्वभूमी

पटकी म्हणजे मरीआईचा कोप, अंगावर फोड उठले म्हणजे देवी आल्या. असं पूर्वी लोक मानत, हे सर्वांना ठाऊक आहे. नारूचं कोडं वेगळं होतं. दूषित पाणी प्यायल्यावर साधारण वर्षभरानं पायावर फोड यायचा, तो फुटला की पांढरा, दोऱ्यासारखा किडा डोकवायचा. तो काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा. मध्येच तुटला तर पाय सुजून माणूस खाटेवर. वर्षापूर्वीच्या घोटाचा आजच्या फोडाशी संबंध कोण लावणार? म्हणून मागचं पाप, नाहीतर अंगातच उपजलेली व्याधी. पाण्यातल्या सायक्लॉप्स नावाच्या बारीक जिवामधून ही लागण होते, हे शास्त्राला 1870 च्या सुमारास उमगलं.

पाणी बाटू नये म्हणून गाव जागरूक नव्हतं असं नाही. पण पहारा होता तो जातीच्या स्पर्शावर. 1927 साली महाडच्या चवदार तळ्यातून दलितांनी पाणी घेतलं, तेव्हा तळं शुद्ध करायचं म्हणून त्यात शेण-गोमूत्र ओतलं गेलं. इकडे गावोगावच्या बारवेत, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीत, नारूचा फोड आलेला पाय बिनदिक्कत उतरायचा. गार पाण्यानं आग शमायची आणि त्याच वेळी किडा हजारो अळ्या पाण्यात सोडायचा.

1980 च्या दशकात देशभर नारू निर्मूलनाची मोहीम निघाली. पाणी दुहेरी फडक्यानं गाळा, हा सल्ला लोकांना पटण्याजोगा होता. वाद झाला तो पायऱ्यांच्या विहिरी बंद करण्यावर. पायरी गेली की पाण्यात पाय बुडत नाही, एवढं साधं त्यामागचं कारण. निर्णय योग्यच होता. भारतात शेवटचा रुग्ण 1996 मध्ये सापडला आणि 2000 मध्ये देश नारूमुक्त ठरला. पण बारव म्हणजे नुसतं पाणी नव्हे. तिथल्या कोनाड्यात देव असायचा, बायकांना दोन घटका टेकायला जागा असायची. ते काढून घेताना किड्याचा सगळा फेरा गावाला नीट उलगडून सांगायला हवा होता, आणि तिथेच हयगय झाली. आज बारवांतला गाळ उपसणारे तरुणही दगडी कोरीवकामाबद्दल भरभरून बोलतात, नारूचं नाव क्वचितच घेतात.

बारवेच्या जागी हातपंप आला. नितळ, गार, कुणाचा पाय न लागलेलं पाणी. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही गावांत त्याच पाण्यात फ्लोराइड निघालं. मुलांचे दात तपकिरी पडले, पुढे हाडं आखडली. हेही दुखणं वर्षानुवर्षं पाणी पोटात गेल्यावरच दिसतं, आणि इथे फडकं कामाचं नाही. उकळूनही फ्लोराइड जात नाही. पाणी आटेल तसं त्याचं प्रमाण वाढतं.